घरच्या गॅरेजमध्ये शर्यतीची गाडी: जुन्या धाटणीची रेसिंग कार बांधायला नेमकं काय लागतं?

‘भंगारातून बनवली रेसिंग कार’ अशा मथळ्याचे व्हिडिओ हल्ली मोबाईलवर सर्रास फिरतात. दहा मिनिटांत पाइप कापले जातात, वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात, जुन्या मारुतीचे इंजिन बसते आणि शेवटी गाडी धूर सोडत गल्लीतून पळते. बेळगाव, निपाणी, चंदगड, कोल्हापूर या पट्ट्यातल्या पोरांचे हात असले काही पाहून शिवशिवणारच. इथे उद्यमबाग आहे, मच्छे आहे, पलीकडे शिरोली आहे. नात्यागोत्यात कुणी ना कुणी लेथवर, फाउंड्रीत किंवा फॅब्रिकेशनमध्ये असतोच. मग आपण का नाही?

करता येते, यात शंका नाही. पण व्हिडिओ जिथे संपतो तिथेच खरा प्रश्न सुरू होतो. ती गाडी थांबली का? वळणावर चाक जागेवर राहिले का? आणि पोलिसांनी अडवल्यावर पुढे काय झाले? इंजिन सुरू होणे हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे, कारण ते कारखान्यातून तयार होऊन आलेले असते. अवघड असते ते त्याच्याभोवतीचे सगळे.

‘जुन्या धाटणीची’ म्हणजे कशी, तेही सांगायला हवे. १९२० ते १९५० च्या दशकांतल्या शर्यतीच्या गाड्या डोळ्यांसमोर आणा. लांबट निमुळते बॉनेट, अंगाबाहेर काढलेली उघडी चाके, मडगार्ड नाही, छत नाही, चालकाचे खांदे बाहेर. अशा गाड्या दिसायला देखण्या आणि बांधायला तुलनेने साध्या. दार नाही, काच नाही, वळणावळणाचा छापील पत्रा नाही. म्हणूनच जगभरचे हौशी लोक घरी गाडी बांधायची म्हटली की याच रूपाकडे वळतात.

सर्बिटनचे गॅरेज आणि एक चेन

घरगुती गाडीने शर्यतीचा इतिहास बदलल्याचे सगळ्यात मोठे उदाहरण इंग्लंडमधले. साल १९४६. महायुद्ध नुकतेच संपलेले, पेट्रोलचे रेशनिंग चालू, नवे सुटे भाग मिळायची मारामार. लंडनजवळच्या सर्बिटन गावात चार्ल्स कूपर यांचे गॅरेज होते. त्याच सुमारास ब्रिस्टलच्या काही हौशी मंडळींनी एक कल्पना मांडली होती: मोटारसायकलचे ५०० सीसी इंजिन लावून स्वस्तातली शर्यतीची गाडी बनवायची, म्हणजे सामान्य माणसालाही शर्यतीत उतरता येईल. चार्ल्स यांचा मुलगा जॉन आणि त्याचा मित्र एरिक ब्रँडन यांनी ती कल्पना उचलली.

त्यांनी काय केले? फियाट टोपोलिनो या छोट्या गाडीचा पुढचा भाग घेतला. तिला पुढे आडवा पाटा आणि त्याखाली विशबोन असे स्वतंत्र सस्पेन्शन होते. मग तसलाच दुसरा पुढचा भाग मिळवला आणि दोन्ही पाठीला पाठ लावून जोडले. म्हणजे गाडीच्या पुढेही फियाटचा पुढचा भाग आणि मागेही पुढचाच. इंजिन जेएपीचे, एका सिलिंडरचे, स्पीडवे शर्यतींत वापरले जाणारे. गिअरबॉक्स मोटारसायकलचा. सुमारे पाच आठवड्यांत गाडी उभी राहिली.

आता मेख अशी, की मोटारसायकलचे इंजिन चेनने चाक फिरवते. ही चेन पुढून मागे लांबच लांब नेण्यापेक्षा इंजिनच मागच्या चाकांजवळ ठेवणे सोयीचे. म्हणून इंजिन चालकाच्या पाठीमागे गेले. त्यामागे कुठला मोठा सिद्धांत नव्हता. इंजिन मागे ठेवण्याची कल्पनाही नवी नव्हती, युद्धापूर्वी जर्मनीच्या ऑटो युनियनने ते केले होते. पण कूपर मंडळींनी सोय म्हणून केलेली मांडणी वळणावर भलतीच चपळ निघाली. त्यांनी तशा गाड्या विकायला सुरुवात केली. १९४८ मध्ये स्टर्लिंग मॉस या तरुणाने त्यातली एक घेतली. १९५० मध्ये ५०० सीसीचा हा वर्ग आंतरराष्ट्रीय फॉर्म्युला थ्री झाला. १९५८ च्या अर्जेंटिना ग्रां प्रीमध्ये त्याच मॉसने मागे इंजिन असलेली कूपर पळवून मोठमोठ्या कारखान्यांच्या गाड्यांना मागे टाकले. १९५९ आणि १९६० अशी लागोपाठ दोन वर्षे जॅक ब्रॅबहॅम कूपरच्या गाडीतून जगज्जेता झाला. त्यानंतर फॉर्म्युला वनमध्ये पुढे इंजिन असलेल्या गाडीचे दिवस संपले, ते आजतागायत.

या कथेत चेनची गंमत आहेच, पण घरी गाडी बांधणाऱ्याच्या कामाची गोष्ट वेगळी आहे. कूपर पितापुत्रांनी चाकांचे हब, स्टीयरिंग, ब्रेक यांतले काहीही शून्यातून बनवले नाही. ज्यावर जीव टांगलेला असतो ते सगळे कारखान्यात बनलेल्या, रस्त्यावर चाललेल्या गाडीतून उचलले. घरी केले ते जोडकाम, सांगाडा आणि पत्रा. हा हिशेब आजही बदललेला नाही.

कॉलिन चॅपमनचेही तसेच. १९४८ मध्ये लंडनमध्ये होणाऱ्या बायकोच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजात त्याने जुनी ऑस्टिन सेव्हन उघडून आपली पहिली गाडी बांधली. त्यातून पुढे लोटस कंपनी उभी राहिली. १९५७ ची लोटस सेव्हन ही तर सुट्या भागांच्या पेटीतच विकली जायची, कारण तयार गाडीवर खरेदी-कर लागे आणि घरी जोडायच्या संचावर लागत नसे. १९७३ पासून तीच गाडी केटरहॅम कंपनी बनवते. आणि १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन नावाच्या इंग्रज शिक्षकाने त्याच घडणीची गाडी अडीचशे पौंडांत घरी कशी बांधायची, याचे पुस्तक काढले. ‘लोकॉस्ट’ या नावाने ती पद्धत जगभर पसरली. खर्चाचा आकडा फारच उमेदीचा होता, असे बांधणाऱ्या अनेकांचे म्हणणे. पण त्यातला सांगाडा खरोखर घरच्या हत्यारांनी होण्यासारखा आहे.

कुठली गाडी मोडायची?

एक संपूर्ण जुनी गाडी घ्यावी आणि तिचे सगळे अवयव वापरावेत, हे सुटे भाग दहा ठिकाणांहून गोळा करण्यापेक्षा बरे. भाग एकमेकांशी जुळतात आणि निम्मी डोकेदुखी वाचते. आपल्याकडे पहिले नाव येते मारुती ८०० चे. १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली आणि २०१४ च्या सुरुवातीला बंद झालेली. इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडर, ताकद साधारण ३७ ते ३९ अश्वशक्ती. ऐकायला किरकोळ वाटते. पण मूळ गाडी साडेसहाशे किलोच्या आसपास होती. तेच इंजिन चारशे किलोच्या उघड्या गाडीत बसवले, तर टनामागे ५७ अश्वशक्तीच्या जागी ९२ होतात. गाडी पळवायला नेहमी इंजिन मोठे करावे लागते असे नाही, वजन उतरवले तरी पुरते.

अडचण एवढीच, की मारुती ८०० चे इंजिन आडवे बसते आणि पुढची चाके फिरवते. लांब बॉनेटची जुनी धाटणी हवी असेल तर हे गणित जमत नाही. मग दोन वाटा. इंजिन आणि गिअरबॉक्सचा अख्खा संच उचलून चालकाच्या मागे ठेवायचा, म्हणजे कूपरच्या वाटेने जायचे. किंवा ओम्नी शोधायची. ओम्नीत हेच इंजिन पण उभे, समोरच्या सीटखाली असते आणि प्रोपेलर शाफ्टने मागची चाके फिरवते. मागे पाट्यांवर बसलेला सरळ अ‍ॅक्सल. १९३० च्या दशकातल्या गाडीची मांडणी नेमकी अशीच होती. भंगारवाल्याच्या दारात ओम्नीला फारसा मान नसतो, पण या कामासाठी ती सोन्यासारखी.

एक लक्षात ठेवावे. मोडीत काढलेल्या गाडीची कागदपत्रे नीट असावीत, आरसी रीतसर रद्द झालेली असावी. चोरीच्या गाडीचे इंजिन घरात सापडले, तर शर्यत पोलीस ठाण्यातच होते.

सांगाडा: शेडची कैची आठवा

चार काठ्यांच्या टोकांना खिळे मारून चौकोन करा. ढकलला की तो तिरका होतो. त्यात एक कर्ण ठोका, हलणार नाही. पत्र्याच्या शेडची कैची बांधणाऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. गाडीचा सांगाडा म्हणजे आडवी टाकलेली कैचीच, फक्त तिच्यावर वजन वरून पडते तसे बाजूनेही येते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पिळाने येते. एक चाक खड्ड्यात, दुसरे उंचवट्यावर, की सांगाडा धुतलेल्या कपड्यासारखा पिळला जातो. सांगाडा पिळला की सस्पेन्शनचे सगळे कोन बिघडतात. चालकाला वाटते टायर घसरला, प्रत्यक्षात गाडीच वाकलेली असते.

लोकॉस्टच्या सांगाड्यात २५ मिलिमीटरचा चौकोनी पोलादी पाइप वापरतात, जाडी साधारण १.६ मिलिमीटर. नवख्या माणसाला तो इतका किरकोळ दिसतो की तो दुप्पट जाडीचा पाइप उचलतो. त्याने वजन वाढते, ताठपणा फारसा वाढत नाही. ताठपणा येतो त्रिकोणांतून. आपल्या इकडच्या ट्रॉल्या आणि गेट करणाऱ्या हातांना ही सवय मोडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो: ‘जाड टाका, चालून जाईल.’ शर्यतीच्या गाडीत जाड टाकले तर चालून जात नाही.

पाण्याचा जीआय पाइप तर अजिबात नको. एक तर तो या कामाच्या ताकदीचा नसतो. दुसरे, त्यावरच्या जस्ताचा वेल्डिंगमध्ये होणारा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

काम सुरू होते ते सपाट टेबलावर. जाड प्लायवूड किंवा पोलादी फ्रेमवर पूर्ण आराखडा खऱ्या मापात आखायचा, पाइप त्यावर ठोकळ्यांनी पक्के करायचे आणि आधी फक्त टॅक मारायचे. मग दोन्ही कर्ण मोजायचे. त्यांत एका सुताचा फरक निघाला तरी टॅक तोडून पुन्हा. एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरहून जास्त. गेटला चालेल, इथे नाही. कर्ण जुळल्यावर पूर्ण वेल्डिंग, तेही एका टोकाकडून दुसरीकडे सरळ नाही. एक सांधा डाव्या पुढच्या कोपऱ्यात, पुढचा उजव्या मागच्या. नाहीतर उष्णतेने सांगाडा केळ्यासारखा वाकतो. एवढ्या पातळ पाइपवर साध्या आर्क वेल्डिंगने भोके पडतात. वर्कशॉपमध्ये ज्याला ‘सीओटू’ म्हणतात ते वेल्डिंग बरे. आणि सांधा दिसायला सुबक असला म्हणजे आत शिरलाच असे नाही. सुरुवातीला तुकड्यांवर दहा-वीस सांधे करून, करवतीने कापून आतून बघायचे. उद्यमबागेतला कुठलाही जुना वेल्डर हेच सांगेल.

सांगाडा किती ताठ झाला हे घरीही मोजता येते. मागचा भाग खांबाला जखडायचा, पुढच्या भागाखाली मधोमध टेकू द्यायचा आणि एका बाजूला आडवा मीटरभर दांडा बांधून त्याच्या टोकाला पन्नास किलोचे पोते लटकवायचे. दांड्याचे टोक, स्वतः दांडा न वाकता, नऊ मिलिमीटरच्या आसपास खाली गेले तर सांगाडा अर्धा अंश पिळला. म्हणजे ताठपणा अंशाला साधारण एक हजार न्यूटन-मीटर. मग एक तिरका पाइप घालायचा आणि पुन्हा पोते लटकवायचे. कुठला पाइप कामाचा आणि कुठला नुसता ओझ्याचा, हे एका दुपारी कळते.

चालकाच्या डोक्यामागची कमान, म्हणजे रोल हूप, हा वेगळा विषय. जुन्या गाड्यांना ती नव्हती. गाडी उलटली की चालक बाहेर फेकला गेला तर वाचेल, असा तेव्हाचा समज होता आणि त्या समजापायी कित्येक माणसे गेली. धाटणी जुनी ठेवायची म्हणून ही कमान गाळणे म्हणजे शुद्ध वेडेपणा. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी जी ‘फॉर्म्युला स्टुडंट’ स्पर्धा असते, तिच्या नियमांत मुख्य कमानीसाठी किमान २५ मिलिमीटर व्यासाचा, २.५ मिलिमीटर जाडीचा गोल पोलादी पाइप सांगितला आहे. शिवाय मागच्या कमानीच्या माथ्यापासून पुढच्या कमानीच्या माथ्यापर्यंत दोरी ताणली, तर चालकाचे हेल्मेट तिच्यापासून ५० मिलिमीटर खाली राहिले पाहिजे. घरी बांधणाऱ्याने हा नियम जसाच्या तसा उचलावा. बेळगावात विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे, आसपास अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. असल्या स्पर्धांत उतरलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठून त्यांचा सांगाडा पाहिला, तर शंभर व्हिडिओंपेक्षा जास्त कळेल.

चाक, बीड आणि बुलेटची आरी

जुन्या गाडीचे रूप म्हटले की आऱ्यांची चाके डोळ्यांसमोर येतात, आणि लगेच कुणीतरी म्हणतो, ‘बुलेटची चाके लावू की.’ हा मोह जीवघेणा आहे. मोटारसायकल वळणावर झुकते, त्यामुळे तिच्या चाकावर येणारा जोर बराचसा चाकाच्या सपाटीतच राहतो. चार चाकी गाडी झुकत नाही. वळताना सगळा जोर बाजूने, आऱ्यांना मोडायच्या दिशेने येतो. चारशे किलोच्या गाडीखाली असले चाक दुमडायला एक वेगाचे वळण पुरते.

अमेरिकेत ‘सायकलकार्ट’ म्हणून एक प्रकार आहे. १९२०-३० च्या ग्रां प्री गाड्यांसारख्या दिसणाऱ्या, एकट्या माणसाच्या, साधारण साडेसहा अश्वशक्तीच्या छोट्या इंजिनावर चालणाऱ्या गाड्या. त्यांना मोटारसायकलची बारीक चाके चालतात, कारण गाडी जेमतेम शंभर-सव्वाशे किलोची असते आणि वेग बेताचा. खिसा लहान असेल, जागा एका स्कूटरपुरती असेल, तर सुरुवात इथून केलेली शहाणपणाची.

दुसरा मोह खास आपल्या भागातला. फाउंड्री हाताशी आहे, तर स्टीयरिंगचे हात किंवा हब बीडात ओतून घेऊ. साधे बीड दाब सहन करते, झटका नाही. ते वाकत नाही, तुटते. कारखान्यात हे भाग ओततात ते एसजी आयर्नमध्ये आणि तपासणी करून, किंवा पोलाद ठोकून घडवतात. स्टीयरिंगच्या कुठल्याही भागावर घरी वेल्डिंग करणेही तसेच. दात्या गाडीचे नकल, हब, टाय-रॉड तसेच्या तसे वापरावेत आणि बाकीची गाडी त्यांच्याभोवती आखावी.

टाय-रॉडची जागा मात्र स्वतःच ठरवावी लागते, आणि इथे बहुतेक घरगुती गाड्या फसतात. चाक खड्ड्यात वरखाली झाले की त्याने डावी-उजवीकडे तोंड फिरवता कामा नये. टाय-रॉडची लांबी आणि तिरकेपणा विशबोनशी जुळला नाही, तर प्रत्येक धक्क्याला गाडी आपोआप वळते. तपासणी सोपी आहे. स्प्रिंग काढायची, चाकाला एक सरळ फळी बांधायची, चाक जॅकने हळूहळू वर घ्यायचे आणि फळीची दोन्ही टोके भिंतीपासून किती दूर आहेत ते प्रत्येक इंचाला लिहायचे. दोन्ही टोकांच्या आकड्यांतला फरक तोच राहिला तर ठीक. बदलत गेला तर टाय-रॉडचा सांधा मिलिमीटर-मिलिमीटर वरखाली करत पुन्हा. यात अख्खा रविवार जातो.

ब्रेक

इथे जुगाड शून्य. मारुती ८०० चे ब्रेक पुढे इंजिन असलेल्या गाडीसाठी जुळवलेले असतात. तेच इंजिन मागे नेले की पुढची चाके हलकी होतात. मग जोराने ब्रेक दाबला की ती आधी अडकतात, आणि अडकलेले चाक वळत नाही, गाडी सरळ पुढे जाते. उलट मागचा ब्रेक जास्त केला तर मागची चाके आधी अडकतात आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. म्हणून शर्यतीच्या गाडीत पुढच्या-मागच्यासाठी दोन वेगळे मास्टर सिलिंडर असतात आणि त्यांच्यामध्ये एक दांडी, जिने जोर कमीजास्त वाटून देता येतो. एका बाजूची नळी फुटली तरी दुसरी बाजू चालते, हा आणखी फायदा.

पेडलाकडे कुणाचे लक्ष जात नाही. घाबरलेला माणूस पेडलावर उभाच राहतो. विद्यार्थी-स्पर्धेच्या नियमात ब्रेक पेडलने २००० न्यूटन, म्हणजे दोनशे किलोच्या आसपास जोर सोसला पाहिजे, असे म्हटले आहे. पट्टीचा तुकडा वाकवून केलेले पेडल तिथे टिकत नाही. सस्पेन्शन, स्टीयरिंग आणि ब्रेक यांतले बोल्ट ८.८ किंवा १०.९ ग्रेडचेच, डोक्यावर छाप असलेले. नट नायलॉकचे, आणि एकदा काढला की तो टाकून नवा.

पत्रा

सगळ्यांना हाच भाग आधी करायचा असतो आणि तो शेवटी करायचा असतो. जुन्या गाड्यांचे अंग अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचे, हाताने ठोकलेले. सपाट भाग नुसते वाकवून, रिबिट मारून होतात. अवघड ते निमुळते नाक आणि गोल शेपटी. तिथे वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोड्याने पत्रा खोलगट करत जायचे. ठोकून तो कडक झाला की पुन्हा मऊ करावा लागतो. त्याची जुनी युक्ती अशी: पत्र्यावर कपड्याचा साबण घासायचा आणि मागून ज्योत फिरवायची. साबण काळपट झाला की थांबायचे. आणखी तापवले तर अ‍ॅल्युमिनियम रंग न बदलता एकदम वितळते. तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्या तांबटांना हे तापवून मऊ करणे आणि ठोकून चकचकीत करणे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. ते हात आता कमी होत चालले आहेत. कुणी सापडला तर त्याच्याजवळ चार दिवस बसावे.

‘पासिंग’चं काय?

आता तो प्रश्न, ज्याचे उत्तर कुणालाच आवडत नाही. घरी बांधलेल्या गाडीला भारतात रस्त्यावर चालवायचा नंबर मिळत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणीशिवाय गाडी सार्वजनिक जागी चालवता येत नाही. नोंदणी हवी तर केंद्रीय नियमावलीतल्या नियम १२६ प्रमाणे गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून मंजूर व्हावा लागतो. ही व्यवस्था हजारो गाड्या बनवणाऱ्या कारखान्यांसाठी आहे, एका गाडीसाठी नाही.

‘मग मूळ मारुतीचीच आरसी ठेवू आणि त्यावर ही गाडी चालवू,’ हा मार्गही बंद. कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करते आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. ‘शिनोळी ओलांडून एमएच-०९ पासिंग करू’ किंवा ‘गोव्यात होतंय म्हणे’ असेही सल्ले मिळतात. कायदा केंद्राचा आहे, सीमा ओलांडून तो बदलत नाही.

२०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची नवी नोंदणी आली, त्यावरूनही गैरसमज आहे. ती सवलत पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूप न बदललेल्या गाड्यांना. जुनी दिसणारी नवी गाडी तिच्यात बसत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे प्रकरण अनेकांना आठवत असेल. २०२१ च्या अखेरीस तिथल्या एका कारागिराने भंगारातून बनवलेली, मोटारसायकलसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप देशभर गाजली. आनंद महिंद्रा यांनी कौतुक करतानाच स्पष्ट सांगितले होते, की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या ती अडवली जाईल. म्हणून त्यांनी बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती त्या कुटुंबाला मिळाली. अशी तडजोड प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही.

ब्रिटनमध्ये एकच गाडी बांधणाऱ्यालाही ती सरकारी केंद्रावर नेऊन तपासून घेता येते, आणि पास झाली तर नंबर मिळतो. तशी सोय आपल्याकडे असावी, अशी मागणी रास्त आहे. रस्त्यावर नांगरामागच्या फाळासारखे लोखंड बाहेर काढलेल्या ट्रॉल्या बिनदिक्कत फिरतात आणि मोजून-मापून बांधलेली गाडी घरात बसते, हे विचित्रच. पण आज नियम आहे तो असा आहे, आणि विना-नोंदणी गाडीला विमाही नसतो. त्या गाडीखाली कुणी आले, तर भरपाईपोटी घर विकायची पाळी येऊ शकते.

मग पळवायची कुठे?

बंदिस्त ट्रॅकवर, मालकाची परवानगी घेऊन, आणि तिथवर टेम्पोत किंवा ट्रेलरवर घालून. कोल्हापूरजवळ कार्टिंगसाठी बांधलेला ट्रॅक आहे. दक्षिणेत कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा मोठा ट्रॅक. करी हे नाव एस. करिवर्धन यांचे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस याच माणसाने मारुती ८०० चे इंजिन लावून ‘फॉर्म्युला मारुती’ ही एका माणसाची शर्यतीची गाडी आपल्या देशात, कोइम्बतुरात बांधली. तिच्यावर सुरुवात केलेला नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनपर्यंत पोचला. म्हणजे ओम्नी किंवा आठशेच्या इंजिनाला हसायचे काही कारण नाही.

राष्ट्रीय स्पर्धांमधले वर्ग ठरावीक गाड्यांसाठी असतात, त्यात घरची एकटी गाडी सहसा बसत नाही. पण दिवसाच्या भाड्याने ट्रॅक घेऊन सराव करता येतो. नेण्याआधी शर्यतीच्या तपासनिसाप्रमाणे स्वतःच गाडी तपासावी. प्रत्येक चाक हाताने धरून वरखाली, आडवे हलवायचे. अ‍ॅक्सिलरेटरला दोन स्प्रिंगा, एक तुटली तर दुसरीने परत यावा म्हणून. बॅटरी तोडणारा मोठा स्विच बाहेरून हात पोचेल असा. पेट्रोल टाकी आणि चालक यांच्यामध्ये बिनभोकाचा पत्रा. प्रोपेलर शाफ्टभोवती पोलादी कडे, शाफ्ट सुटला तरी पायांत घुसू नये म्हणून. पाच पट्ट्यांचा बेल्ट, अग्निशामक नळा, हेल्मेट. आणि कसलेला प्रत्येक नट-बोल्ट पिवळ्या रंगाच्या एका रेघेने खूण केलेला.

पहिल्या दोन फेऱ्या दुसऱ्या गिअरमध्येच माराव्यात, ब्रेक हळूहळू तापवत. मग गाडी जॅकवर घ्यायची, टॉर्च मारायचा आणि प्रत्येक पिवळी रेघ सरळ आहे की तुटली आहे ते पाहायचे. तुटलेली रेघ म्हणजे नट फिरला.